खिळा न मारणारे आबा

आमच्या घरात खिळा नव्हता. भिंतीत नव्हता, पलंगात नव्हता, देव्हाऱ्यातही नव्हता. यात काही वेगळं आहे हे मला बरीच मोठी होईपर्यंत कळलं नव्हतं. चौथीत असताना एका मैत्रिणीच्या घरी गेले, तर तिच्या हॉलच्या भिंतीवर फोटोच फोटो टांगलेले. घरी येऊन मी आबांना विचारलं, "त्यांना परत जायचं नाही का?"

आबा हसले नाहीत. हातातला रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "विचारून ये."

आबा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातले सुतार. आमच्या घराण्यातून समुद्र ओलांडून इथे अबुधाबीला आलेले पहिले. गावातले काही जण त्यांच्याही आधी गेले होते, पण बायको आणि मूल बरोबर घेऊन गेलेले आबाच पहिले. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. मला लिहायची सवय आहे ती असाइनमेंटची, त्यामुळे हे कितपत जमेल माहीत नाही. आबांचं सगळं आयुष्यही मला ठाऊक नाही. जे पाहिलं आणि जे घरात पुन्हा पुन्हा ऐकलं, तेवढंच लिहिते आहे.

त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात कायम एक स्क्रूड्रायव्हर असायचा. पिवळ्या मुठीचा. त्याला ते डिसमिस म्हणत. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, डिसमिस खिशात. त्याच्या टोकाने खिसा फाटतो म्हणून आजी प्रत्येक नव्या शर्टाच्या खिशाला आतून जाड कापडाचा तुकडा लावायची. आजी गेल्यावर आबा तो तुकडा स्वतः शिवू लागले. टाके इतके सरळ असायचे की आईला वाटायचं, शिंप्याकडून शिवून आणलंय. कुठेही गेले की ते आधी लाकूड वाजवून बघत. माझ्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या दिवशी बाबा फॉर्म घेऊन रांगेत उभे होते आणि मी घाबरून सर्टिफिकेटं पुन्हा पुन्हा लावत होते. आबा काउंटरच्या कडेवर बोटाने टकटक करत उभे. आतली बाई म्हणाली, "सर, प्लीज वेट." आबा बाबांना म्हणाले, "हिला सांग, वरची पट्टी सुटतेय. दोन स्क्रू लागतील." आणि खिशाकडे हात. बाबांनी त्यांचा हात तिथेच धरला.

बाहेर आल्यावर मला विचारलं, "काय शिकवणार तुला इथं?"

"सिव्हिल. म्हणजे बिल्डिंग कशी उभी राहते ते."

"हां," म्हणाले. "उभी करायची कशी ते मला ठाऊक हाय. राहते कशी ते तू सांग मला."

आबा इथे आले ते शटरिंगचे सुतार म्हणून. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडी साचे बांधायचे आणि काँक्रीट घट्ट झालं की ते सोडवून पुढच्या मजल्यावर न्यायचे, हे त्यांचं काम. "आपलं काम दिसत नाय," ते सांगत. "बिल्डिंग उभी राहिली की आपलं लाकूड निघून गेलेलं असतं." कदाचित तिथूनच त्यांना सुटणाऱ्या वस्तूंची सवय लागली असेल. पण आजी वेगळं सांगायची. ती म्हणायची, ही सवय इकडे येतानाच्या बोटीवरच लागली, उतरायचं ठरलेलं असताना कोण काय पक्कं करतो.

आबांचे वडील दुसऱ्यांच्या बोटींवर काम करायचे आणि वर्षा-दोन वर्षांनी गावी उगवायचे. आबांना आठवायचं ते एवढंच की दारात एक माणूस उभा आहे आणि आई म्हणतेय, "पाया पड, हे तुझे बाबा." तीन वेळा असं झालं, प्रत्येक वेळी तेच वाक्य. चौथ्यांदा तो माणूस आलाच नाही. आबा हे सांगताना आवाज चढवत नसत, पण शेवटी एकच वाक्य म्हणत: "माझी ओळख माझ्या पोराला कुणी करून द्यायची नाय."

म्हणून त्यांना इथलं काम मिळालं तेव्हा त्यांनी गावात सांगून टाकलं, मंडळी बरोबर येतील. लोकांनी वेड्यात काढलं. इतर सगळे पुरुष एका खोलीत आठ-दहा जण राहायचे आणि सुट्टीत गावाला जायचे. आबांनी कागदपत्रांसाठी पहिलं वर्ष एकट्याने काढलं. मग गावी जाऊन आजीला आणि आठ महिन्यांच्या बाबांना बोटीत बसवून घेऊन आले. आजीने पाटा-वरवंट्यातला फक्त वरवंटा ट्रंकेत घेतला होता, कारण पाटा उचलवेना. इथे आल्यावर आबांनी साइटवर उरलेला संगमरवराचा तुकडा तिला पाटा म्हणून आणून दिला. त्याच्यावरून मिरच्या घसरून भिंतीवर जायला लागल्या. मग आबांनी दोन दिवस छिन्नीने ठोकून त्याला खरखरीत केला. तो पाटा अजून आईकडे आहे. त्याच्यावर वाटलेल्या चटणीत दगडाची कचकच लागते असं मी एकदा म्हणाले, तर आबा म्हणाले, "ती अबुधाबी लागते तुला."

राहायला मिळाली एका विलातली एक खोली, तीही अर्धी. उरलेली अर्धी याकूबचाचांना. याकूबचाचा आबांच्याच गावचे, खाडीच्या पलीकडच्या मोहल्ल्यातले. तेही एकटेच होते. आबांनी मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली आणि म्हणाले, "याकूब, आता तूही हाजराला घेऊन ये. भिंत झाली." चाचा पुढच्या वर्षी खरंच बायकोला घेऊन आले.

त्या खोलीत एसी एकच, खिडकीतला, आणि प्लायवूडची भिंत नेमकी त्याच्या मधोमध आली. आबांनी प्लायवूड असं कापून बसवलं की अर्धी थंडी इकडे, अर्धी तिकडे. फक्त बटणं गेली चाचांच्या बाजूला. मग रोज भांडण. आजी फटीतून ओरडायची, "हाजरा, कमी कर गो, पोराला सर्दी झालीय!" पलीकडून हाजराचाची, "कमी केला तर आमचा माणूस शिजतो भाबी!" आणि याकूबचाचा, आबांना नावाने हाक मारणारे एकटेच, "सदू, बटणं माझ्याकडं आहेत. थंडी कमी पाहिजे तर अर्ज कर."

आबांनी अर्ज केला नाही. त्यांनी सागाच्या दांडीच्या टोकाला खाच पाडली, ती फटीतून पलीकडे सरकवली आणि इकडून एसीचं बटण फिरवायला लागले. चाचांना आठ दिवस कळेना, एसी आपोआप कसा कमी होतो. त्यांनी मेकॅनिक बोलावला. मेकॅनिक एसी उघडून बसलेला असताना आबांनी दांडी फिरवली. चाचा ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना दांडी फिरवल्यासारखा हात करतात. ती प्लायवूडची भिंतही स्क्रूंवरच उभी होती. विला सोडायची वेळ आली तेव्हा आबांनी दीड तासात ती सोडवली, आणि दोन्ही घरं एकमेकांसमोर उघडी पडली. आजी आणि हाजराचाची पाच वर्षं फटीतून बोलत होत्या. त्या दिवशी दोघींना एकमेकींसमोर उभं राहून काय बोलावं ते सुचेना म्हणे.

ती खोली धरून आबांच्या मोजणीने अकरा घरं झाली. मी जन्मल्यावरची त्यातली चार. घर सोडायचं ठरलं की आबा दुधाच्या पावडरीचा जुना मोठा डबा काढून बसायचे. पलंग, कपाट, देव्हारा, सगळं सोडवून स्क्रू डब्यात. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी पेन्सिलने आकडा घातलेला होता. तीनला तीन, सातला सात. शाळेत मराठी नव्हतं, त्यामुळे मराठी आकडे मी पलंगाखाली उताणी पडून शिकले, आणि अक्षरं मराठी कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर. कॅलेंडर कपाटाच्या मुठीला दोऱ्याने बांधलेलं असायचं. नव्या घरात पहिला देव्हारा उभा राहायचा, मग पलंग. आजी पलंगावर बसायची, आणि मगच चहा टाकायचा. शेवटचा स्क्रू घट्ट झाला की आबा हात झटकून म्हणायचे, "खलास."

"आबा, एकदा गोंद लावून पक्कं का नाही करत?" मी विचारायचे. पलंग कुशीवर वळलं की करकरायचा.

"पक्कं केलं की अडकलं गो बाय. आपल्याला जायचं हाय."

हे "जायचं हाय" मी जन्मापासून ऐकत होते. आणि जायचं ते ठिकाणही तयार होतं. आबांनी गावात घर बांधलं होतं. इथून पत्रं लिहून, नकाशे पाठवून आणि सुट्टीच्या महिन्यात स्वतः उभं राहून बांधलेलं. त्या घरात एक मोठी चूक होती, आणि मला वाटतं ती फक्त आबांसारख्याच माणसाकडून होऊ शकली असती. आयुष्यभर जशी घरं इथे बघितली तसंच त्यांनी तिथे बांधलं. वर सपाट स्लॅब. ऊन आणि धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या लहान. पुढे पडवी नाही. आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीत एसीसाठी चौकोनी भोक. गावात तेव्हा पंखासुद्धा धड फिरत नव्हता.

एसी कधी आलेच नाहीत. भोकांना आतून प्लायवूड लावलं, आणि बाहेरच्या बाजूला साळुंक्यांनी घरटी केली. पावसाळ्यात स्लॅबवर पाणी साचायचं आणि आत भिंती ओल्या व्हायच्या. आम्ही दोन वर्षांतून एकदा जायचो. पहिले चार दिवस घर उघडण्यात जायचे, शेवटचे चार बंद करण्यात. मी दहावीत असताना एका दुपारी आबा अंगणात उभे राहून त्या घराकडे बघत होते. शेजारच्या घराला उतरती कौलं होती आणि त्यांच्या पडवीत दोन म्हातारे सुपारी कातरत बसले होते. आबा म्हणाले, "मी बांधलं इथं, पण डोळ्यांपुढं ते होतं."

"काय होतं?"

"तिथलं. तिथं असताना डोळ्यांपुढं हे असतं." त्यांनी शेजारच्या पडवीकडे बोट केलं. नंतर म्हणाले, "पडवी नाय ठेवली. माणसानं बसावं कुठं?"

आजी तोवर गेली होती. ती अबुधाबीतच गेली, आम्ही खलिफा सिटीतल्या विलात राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी. आबांचं काम त्याआधीच थांबलं होतं आणि ते बाबांच्या व्हिसावर होते. दोन खोल्यांचं घर. एका खोलीत आई-बाबा, हॉलमध्ये आबांचा पलंग, आणि पलंगाशेजारी माझी गादी. टेबल ठेवायला जागा नव्हती. मी पलंगाच्या कडेवर पुस्तक ठेवून जमिनीवर बसून अभ्यास करायचे. आबा जागा व्हावी म्हणून पाय पोटाशी घेऊन झोपायचे. मी म्हणायचे, पाय पसरा. ते म्हणायचे, "मला असंच बरं वाटतं." मी ते खरं मानलं. त्यांच्या कितीतरी गोष्टी मी अशा सरळ खऱ्या मानल्या.

मी दुसऱ्या वर्षाला गेले आणि बाबांची कंपनी बंद झाली. बाबा दरवाजे बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सुपरवायझर होते. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या दोन उंच इमारतींतली आतली सगळी दारं त्यांच्या हातची. दोन महिने फिरल्यावर दुसरीकडे काम मिळालं. एका शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी ऑफर लेटर पलंगावर ठेवलं.

"आबा, काम चांगलं आहे. पण पगार आधीपेक्षा कमी आहे. हिची आई आणि ही, दोघींचा व्हिसा होतो."

"आणि मी बसत नाय त्यात," आबा म्हणाले.

बाबांनी मान खाली घातली. मग एका दमात बोलले, म्हणजे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. "तुम्हाला एकटं ठेवायचं नाहीये. तुम्ही तिघं गावाला जा. हिचं कॉलेज रत्नागिरीला होईल, मी चौकशी केलीय. एक वर्ष फुकट जाईल कदाचित. मी इथं एखाद्या खोलीत बेड घेतो. दोन-तीन वर्षं काढतो, मग मीही येतो."

"तू एकटा."

"बाकीचे राहतात तसा."

मी स्वयंपाकघरात होते, हातात ताट तसंच. मला तेव्हा म्हणायला हवं होतं की माझं कॉलेज राहू दे. किंवा, आबा राहणार नसतील तर आपण सगळेच जाऊ. मी काहीच म्हणाले नाही. ज्या कॉलेजच्या काउंटरवर आबांनी टकटक केली होती ते आता सुटणार, एवढंच मला दिसत होतं. हे लिहायला जड जातंय, पण ते वगळून आबांविषयी लिहिणं खरं होणार नाही.

 तीन दिवस आबा सकाळी मशिदीशेजारच्या बागेपर्यंत फिरून यायचे आणि पलंगावर बसून राहायचे. चौथ्या दिवशी बाबा कामावरून आले तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी एकटा जातो. तुम्ही तिघं इथं राहा."

बाबा एकदम चिडले. मी त्यांना आबांवर चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "जन्मभर आम्हाला काय सांगितलंत? एका छपराखाली राहायचं. मी बाहेर नोकरी घेतली नाही, कतारला जात होतो तर जाऊ दिलं नाहीत. आणि आता तुम्हीच?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग आता हे सांगतोय." आबांचा आवाज नेहमीचाच होता. "तुला मी इथं आणला तेव्हा तू आठ महिन्यांचा. तुला विचारलं नाय. तुझी दहावी झाली, मी तुला साइटवर नेला. तेव्हाही विचारलं नाय. हिला तरी विचारूया." आणि मग स्वयंपाकघराकडे न बघताच, "काय गो बाय? कॉलेज सोडशील?"

मी दारात आले. खरं सांगायचं तर "हो" म्हणायला तोंड उघडलं होतं. तोंडातून काहीच आलं नाही.

"हां," आबा म्हणाले. "झालं विचारून."

तिकीट तीन आठवड्यांनंतरचं होतं. दुसऱ्या दिवशी आबांनी पलंग सोडवला. आम्हाला वाटलं, गावाला पाठवायचा असेल. त्यांनी फळ्या बांधल्या, टॅक्सीच्या मागे टाकल्या आणि मुसफ्फाला, कारखान्यांच्या भागात, याकूबचाचांच्या वर्कशॉपवर गेले. चाचांचं तिथे सुतारकामाचं लहानसं दुकान होतं. ते तीन आठवडे आबा जमिनीवर झोपले. आई रडायला आली तर म्हणाले, "पाठ बरी राहते."

शेवटच्या आठवड्यात एकदा मला बरोबर घेऊन गेले. वर्कशॉपमध्ये लाकडाच्या भुशाचा वास आणि पत्र्याखालची गरम हवा. मधोमध एक टेबल उभं होतं. चार पाय, दोन खण, मागे लावायची पुस्तकांची पट्टी बाजूला उभी. लाकूड ओळखीचं होतं. पायाच्या आतल्या बाजूला अर्धवट रंधलेला पेन्सिलचा सात दिसत होता.

"बस," म्हणाले. मी एका डब्यावर बसले. त्यांनी माझ्या कोपरापासून टेबलापर्यंत बोटं लावून पाहिली. "बरोबर हाय."

एक खण अजून जोडायचा होता. आबांनी त्याच्या सांध्यांना गोंद लावला, फळ्या जुळवल्या आणि बारीक लाकडी मेखा हातोडीने आत ठोकायला लागले. मग दोन ठिकाणी खिळे. मी आबांना खिळा मारताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांचा हात बसत नव्हता, पहिला खिळा वाकला. ओढून काढला, दुसरा मारला.

"आबा, स्क्रू?"

"संपले."

याकूबचाचा कोपऱ्यात फळी कापत होते. त्यांनी करवत थांबवली आणि आबांकडे पाहिलं. "संपले? सदू, तुझे स्क्रू?"

"तू तुझं लाकूड काप," आबा म्हणाले.

चाचांनी करवत पुन्हा चालवली. मी पुन्हा खरं मानलं. काम झाल्यावर आबांनी टेबलाचे दोन पाय धरून जोरात हलवून पाहिलं. ते हललं नाही. नेहमीसारखं "खलास" म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी फक्त वरच्या फळीवरून हात फिरवला.

विमानतळावर त्यांनी व्हीलचेअर घेतली नाही. हातात एक पिशवी, तीत आजीचा फोटो आणि माझ्यासाठी घेतलेल्या मराठी कॅलेंडरांपैकी एक, जुनंच. पासपोर्टच्या रांगेआधी ते थांबले, खिशातून पिवळा डिसमिस काढला आणि माझ्या हातात दिला. "आत घेणार नायत हा. लोखंड हाय."

बाबा त्यांच्या पाया पडले. आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला तो लवकर काढला नाही. मग मला म्हणाले, "शिक. बिल्डिंग कशी राहते ते सांग मला," आणि चालायला लागले. वळणापाशी कुठलातरी लाकडी खांब होता, की लाकडासारखा दिसणारा. जाता जाता त्यांनी त्याच्यावर टकटक केली, आणि सवयीने हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. हात तसाच छातीवर ठेवून ते वळले. मी त्यांना पाहिलं ते तेवढं शेवटचं.

व्हिडिओ कॉलवर त्यानंतर पुष्कळदा बोललो, पण त्यात ते निम्म्या वेळी फोन उलटा धरायचे आणि मला अंगण दिसायचं. त्यांनी घराला पडवी बांधायला घेतली होती. "हे बघ गो, वासे. हे बघ, कौलं." मला कौलं दिसायची, आबा दिसायचे नाहीत. एकदा बाबा ओरडले, "या वयात वर चढू नका." पलीकडून उत्तर आलं, "मग खाली बसून काय करू? पडवी तर झाली पाहिजे." पडवी झाली. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी, एका सकाळी ते तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चुलतकाकांचा फोन आला. माझी परीक्षा होती. बाबा एकटे गेले आणि दहा दिवसांनी आले. एवढंच सांगितलं की आबांनी एसीच्या सगळ्या भोकांतलं प्लायवूड काढून लाकडी जाळ्या बसवल्या होत्या. एकच भोक तसंच ठेवलं होतं, त्यात साळुंकीची पिल्लं होती.

गेल्या महिन्यात आम्हाला विला सोडावा लागला. मालकाला तो दुरुस्तीसाठी हवा होता. नवं घर आमचं बारावं. बाबांनी कपाट सोडवलं, देव्हारा सोडवला. मग मी डिसमिस घेऊन टेबलाखाली उताणी पडले. स्क्रू कुठेच नव्हता. एक सांधा हलेना, आकडे पुसलेले. त्याच दुपारी याकूबचाचा मदतीला आले ते दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन. "वर्कशॉप आवरत होतो," म्हणाले. "हे सदूचं. राहून गेलं माझ्याकडं."

डबा उचलवत नव्हता. झाकण काढलं. आत काठोकाठ स्क्रू.

चाचा म्हणाले, "मागची पट्टी त्यानं टेबल घरात आणून ठोकली, तेव्हाच मी बोललो होतो त्याला. सदू, हे टेबल दारातून निघायचं नाय. तर म्हणाला, नको निघू दे."

बाबांनी डब्यात हात घातला, काही स्क्रू मुठीत घेतले आणि परत सोडले. मग टेबलाची रुंदी वितीने मोजली, दाराची मोजली. टेबल खरंच निघणार नव्हतं, बोटभर कमी पडत होतं. बाहेर ट्रकवाला घाई करत हॉर्न देत होता. "यल्ला, यल्ला!"

"तोडायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला असावा, कारण दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"तोडतंय कोण?" बाबा म्हणाले. "दे इकडे."

त्यांनी माझ्या हातातून डिसमिस घेतला आणि दारापाशी गेले. आयुष्यभर दारंच बसवलेला माणूस. वरची बिजागरी, मग मधली, मग खालची. स्क्रू एकेक करून डब्यात पडले. दार उचलून त्यांनी भिंतीला टेकवलं. चाचांनी आणि बाबांनी टेबल अख्खंच उचललं, मी खण धरले, आणि ते मोकळ्या चौकटीतून कुठेही न घासता बाहेर आलं.

टेबल ट्रकमध्ये चढल्यावर बाबा एकटे परत आत गेले आणि दार पुन्हा जागेवर बसवलं. उघडून, बंद करून पाहिलं. मग डिसमिस शर्टाच्या डाव्या खिशात घातला. तो त्यांनी मला परत दिला नाही आणि मीही मागितला नाही. नव्या घरी पोचेपर्यंत त्याच्या टोकाने खिशाला बारीकसं भोक पडलं होतं. आईने रात्रीची भांडी लावायच्या आधी सुई-दोरा शोधून काढला.